कारण न दिलेले ‘अपात्र’: यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचे प्रकरण

तहसील कार्यालयाच्या शिक्क्याचे ते पत्र अर्ध्या पानाचेही नव्हते. वर विषय, त्याखाली संदर्भ म्हणून दोन शासन निर्णयांच्या तारखा आणि मग एकच वाक्य: आपल्या पतीच्या आत्महत्येचे प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवण्यात आले असता समितीने ते ‘अपात्र’ ठरविले आहे, हे आपल्या माहितीस्तव कळविण्यात येते. बाईंनी ते पत्र शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले आणि पतीचे मृत्यू प्रमाणपत्र यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते. घडीवर ते इतके झिजले होते की ‘अपात्र’मधला ‘पा’ जवळजवळ पुसला गेला होता. तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात पॅनेलवरची वकील म्हणून मी बसले होते, तेव्हा त्यांनी ती पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मॅडम, पैसे भेटो का न भेटो, पन ह्या कागदावर अपात्र कायले लिवलं, थे मले समजू द्या.”

हे प्रकरण मी त्याच प्रश्नासाठी लिहून ठेवते आहे. शेतकरी आत्महत्यांविषयी बोलताना मदतीची रक्कम, कर्जमाफी आणि कापसाचा भाव यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र कुटुंबाचा अर्ज फेटाळताना शासनाने त्याला कारण सांगितले पाहिजे की नाही, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. माझ्या मते या प्रकरणातला मानवी हक्काचा भंग प्रथम तिथेच आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे सर्व तपशील मी गाळले आहेत.

कुटुंबाकडे चार एकर कोरडवाहू जमीन होती आणि ती सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या नावे होती. सासरे वारल्याला सहा वर्षे होऊन गेली होती, तरी वारस नोंद झालेली नव्हती. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. पण घरात सासू, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण असे चार वारस होते, थोरल्या भावाला बहिणीचे नाव सातबाऱ्यावर चढायला नको होते आणि धाकट्याला भावाशी वाद नको होता. त्यामुळे ‘यंदाचं पीक निघू दे, मग पाहू’ असे म्हणत ते काम राहून गेले. ही गोष्ट आमच्या भागात इतकी नित्याची आहे की तिचे परिणाम कोणी मोजत नाही. सासऱ्यांच्या नावे सेवा सहकारी सोसायटीचे पीक कर्ज होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर थकले. थकीत खाते आणि मयताच्या नावाचा सातबारा, या दोन्हींमुळे धाकट्या मुलाला त्या जमिनीवर नवे पीक कर्ज मिळण्याचा मार्ग बंद झाला. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत खातेदाराचे आधार प्रमाणीकरण आवश्यक होते. इथे खातेदार हयात नव्हता आणि वारसांची नोंद कुठेच नव्हती, म्हणून तो लाभही या घराजवळून निघून गेला.

धाकट्या मुलाने, म्हणजे या प्रकरणातील मृत शेतकऱ्याने, मग दोन गोष्टी केल्या. गावातल्याच एका जमीनमालकाची पाच एकर जमीन त्याने ठोक्याने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन कसायला घेतली, आणि बियाणे, खत व औषधे कृषी केंद्रातून उधारीवर उचलली. ठोक्याचा करार तोंडी होता. तो लेखी का नव्हता, याचे उत्तर त्या मालकाच्या स्वभावापेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम, १९५८ हा जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण देण्यासाठी झाला. कूळ म्हणून नोंद झाली तर जमिनीवर हक्क निर्माण होईल, ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात घर करून आहे आणि म्हणून ठोका, मक्ता किंवा बटई कागदावर येत नाही. ज्याच्या रक्षणासाठी कायदा आला, त्याच्याच हातात आज तो जमीन कसतो हे दाखवणारा एक कागद नसतो. विमा, नुकसानभरपाई, पीक कर्ज यांपैकी कशालाही तो पुढे येऊ शकत नाही. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला, ठोक्याची रक्कम तर आगाऊ देऊन झालेली होती, आणि कृषी केंद्राची उधारी फेडण्यासाठी त्याने एका खासगी सावकाराकडून रक्कम घेतली. पौष महिन्यात त्याने जीव दिला. मागे पत्नी, आठ आणि पाच वर्षांची दोन मुले आणि म्हातारी आई राहिली.

महाराष्ट्र शासनाची या प्रसंगीची मदत महसूल व वन विभागाच्या १९ डिसेंबर २००५ आणि २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयांवर उभी आहे. मदत एक लाख रुपयांची: त्यातले तीस हजार तातडीने, आणि सत्तर हजार पोस्टात किंवा बँकेत ठेव म्हणून, ज्याचे व्याज कुटुंबाला मिळावे. त्याच वर्षी, २००६ च्या जुलैमध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, यवतमाळ, वर्धा, वाशिम, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. पॅकेजे आली आणि संपली, एक लाखाचा आकडा मात्र पुढची वीस वर्षे हललेला नाही. पात्रतेसाठी शासन निर्णय तीन कारणे मानतो: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा. मात्र कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे वा सोसायटीचे, नाहीतर मान्यताप्राप्त सावकाराचे असावे लागते. ही अट कागदावर वाचताना साधी वाटते, पण गावात उतरल्यावर तिचा अर्थ असा होतो की जे कर्ज सर्वांत जास्त व्याजाचे आणि सर्वांत जास्त धाकाचे, तेच मोजायचे नाही. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. असा सावकार पावती देत नाही, कोऱ्या कागदावर सही घेतो, आणि कुटुंबाने त्याच्याविरुद्ध पुरावा आणावा अशी अपेक्षा दु:खाच्या तेराव्या दिवसाच्या आत केली जाते.

शिबिरानंतर पहिले काम म्हणून आम्ही माहितीच्या अधिकाराखाली संपूर्ण फाईल मागितली. तीस दिवसांत उत्तर आले नाही, प्रथम अपील केल्यावर फाईल मिळाली. ती मी बाईंसमोर बसून एकेक पान वाचून दाखवली, कारण त्यांनी तशी अट घातली होती. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाई प्रत्येक पानावरची तारीख मला विचारत होत्या आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होत्या. पोलिसांच्या मर्ग (अकस्मात मृत्यूच्या) कागदपत्रांत, पंचनाम्याच्या शेवटी, एक ओळ होती: “मयत यास दारू पिण्याची सवय होती असे समजते.” कोणाकडून समजते, हे लिहिलेले नव्हते. ज्यांचे जबाब जोडले होते त्यांपैकी एकानेही दारूचा उल्लेख केलेला नव्हता. शवविच्छेदन अहवालातही त्याचे काही चिन्ह नव्हते, आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल तर समितीच्या बैठकीनंतर आलेला होता. तरीही ती ओळ पुढच्या प्रत्येक कागदात उतरत गेली. तलाठ्याच्या छापील अहवालात ती ‘कारण’ या रकान्यात आली, तहसीलदारांच्या अभिप्रायात ‘व्यसनाधीनता’ झाली, आणि समितीच्या इतिवृत्तात या प्रकरणासमोर जी एकमेव ओळ होती ती अशी: “मयताचे नावे शेती नाही, थकीत कर्ज नाही, व्यसन. अपात्र.”

त्या ओळीतल्या तिन्ही विधानांचा उगम तपासायला हवा, कारण प्रत्येकात वेगळ्या प्रकारची चूक आहे. ‘असे समजते’ हा पोलीस दप्तरातला जुना शब्दप्रयोग आहे. तपासाच्या पहिल्या दिवशी त्याचा उपयोग असेलही, पण तो पुरावा नव्हे. ‘शेती नाही’ हे तर शासन निर्णयाच्याच विरुद्ध होते, कारण जमीन मृताच्याच नावे असली पाहिजे अशी अट नाही, कुटुंबातील कोणाच्याही नावे ती चालते. छापील अहवालात मात्र ‘मयताचे नावे क्षेत्र’ एवढाच रकाना होता आणि तलाठ्याने त्यात खरेपणाने ‘निरंक’ लिहिले. त्या तलाठ्याला मी दोष देऊ शकत नाही. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. ‘थकीत कर्ज नाही’ याबाबतही तसेच झाले: मृताच्या नावाने बँका आणि सोसायटीकडून दाखले मागवले गेले आणि त्याच्या नावाने कर्ज नसल्याचे दाखले आले. ज्या माणसाला वारस नोंदीअभावी कोणी कर्जच दिले नाही, त्याच्या नावे कर्ज निघणार कुठून?

आता कारणाच्या हक्काकडे येते. आपला निर्णय ज्याच्यावर परिणाम करतो त्याला कारणे सांगणे, हे प्रशासनाचे सौजन्य नसून कायदेशीर कर्तव्य आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(घ) म्हणते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना स्वतःहून कळवावीत. कोणी अर्ज करून मागण्याची वाट पाहायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी प्रकरणात १९७८ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) यांची सांगड घालून मनमानीला संविधानात जागा नाही हे स्पष्ट केले. क्रांती असोसिएट्स प्रकरणात २०१० मध्ये त्याच न्यायालयाने सकारण आदेशाचे महत्त्व विस्ताराने मांडले: कारणे लिहावी लागली की अधिकाऱ्याच्या मनमानीला आवर बसतो, आणि ज्याच्या विरुद्ध निर्णय गेला त्याला आव्हान कशाला द्यायचे हे कळते. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या बाईंकडे सोसायटीचा एक निर्णायक कागद घरातच होता, त्याविषयी पुढे सांगते. पण कर्ज नसल्याच्या कारणाने आपण अपात्र ठरलो हेच ठाऊक नसल्याने तो दाखवायचा, हे त्यांना सुचणार तरी कसे? शिवाय समितीने किंवा तहसील कार्यालयाने त्यांचे म्हणणे एकदाही ऐकले नव्हते. चौकशीचे जबाब थोरल्या दिराचे आणि गावातल्या दोन पुरुषांचे होते. पत्नी घरात होती, चहा तिनेच केला होता.

‘शेतकरी’ कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न इथे होता. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या कामातून आलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात कुळे, बटईदार आणि शेतमजूरही शेतकरी या व्याख्येत आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आत्महत्यांची आकडेवारी देताना दुसऱ्याची जमीन ठेक्याने कसणाऱ्यालाही शेतकरी गटातच मोजतो. म्हणजे एकच माणूस दिल्लीच्या अहवालात शेतकरी म्हणून मोजला जातो आणि त्याच्या स्वतःच्या तहसीलमध्ये ‘शेती नाही’ म्हणून बाजूला पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१८ मध्ये स्वीकारलेल्या शेतकरी व ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांच्या घोषणापत्राचा, तसेच भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद १४ चा, जो ग्रामीण स्त्रियांसाठीच आहे, उल्लेख मी निवेदनात केला. त्या उल्लेखांमुळे निकाल फिरला असे मी म्हणणार नाही. या समित्यांपुढे शासन निर्णयाचा परिच्छेद चालतो, आंतरराष्ट्रीय करार चालत नाही. तरीही ते लिहून ठेवावेत, कारण पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ते नोंदीवर असावेत.

मार्ग निवडताना आम्ही तीन पर्याय पाहिले. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता आली असती, पण मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही, आणि चौकशीअंती आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका हा ठोस मार्ग होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यामुळे फीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो नागपूरच्या खेपांचा आणि त्या प्रत्येक दिवशी बुडणाऱ्या मजुरीचा, ज्याची सोय मोफत कायदे सहाय्यात नाही. म्हणून आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरविचाराचे निवेदन द्यायचे आणि ते फेटाळले गेले तर याचिका करायची, असे ठरले.

निवेदनाची तयारी सुरू असताना सासूबाईंनी लोखंडी पेटीतून एक पाकीट काढून दिले. सोसायटीची वसुलीची नोटीस होती, मुलाच्या मृत्यूच्या दोन महिने आधीची. ‘कै.’ या अक्षरानंतर सासऱ्यांचे नाव होते आणि त्याखाली टंकलिखित ‘यांचे वारस’. थकबाकी पंधरा दिवसांत भरावी, अन्यथा जमिनीवर कारवाई करण्यात येईल, असे तीत म्हटले होते. पोचपावतीवर सही मृत मुलाची होती. सासूबाई निरक्षर आहेत. त्या कागदात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण तो आल्या दिवशी मुलगा जेवला नाही हे त्यांना नेमके आठवत होते. वारस नोंद झालेली नसतानाही कर्ज देणाऱ्या संस्थेने या माणसाला वारस मानले होते आणि तगादाही लावला होता. शासन निर्णयातले ‘कर्जबाजारीपणा’ आणि ‘तगादा’ हे दोन्ही शब्द त्या एका पानावर सिद्ध होत होते. बोंडअळीने गेलेल्या पिकाविषयी कृषी सहायकाचा अहवाल फाईलमध्येच होता, फक्त तो वाचला गेला नव्हता.

दरम्यान घरात दुसरा पेच उभा राहिला. तेराव्यानंतर लगेचच थोरल्या दिराने शंभराच्या मुद्रांकावर हक्कसोड, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याचा लेख, लिहून आणले होते आणि ‘मदत मिळायला हे लागतं’ असे सांगून सही मागितली होती. बाईंनी ‘वाचल्याबिगर सही करत नाही’ एवढेच उत्तर दिले होते. ती सही झाली नाही, हे फार बरे झाले. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत मुलाच्या वाट्याला त्याची पत्नी, दोन्ही मुले आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस समान हक्काने येतात, आणि अज्ञान मुलांची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला देऊन टाकता येत नाही. आम्ही सासऱ्यांच्या मृत्यूपासूनची वारस नोंद एकदमच मागितली. दिराने हरकत घेतल्याने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद, वादग्रस्त म्हणून नोंदला गेला. सुनावणीला नणंद सासरहून एसटीने आली आणि तिने मंडळ अधिकाऱ्यांपुढे स्वतःच्या हक्कासोबत भावजयीच्या हक्काचेही लेखी म्हणणे दिले. इतक्या वर्षांच्या वकिलीत नणंदेने असे केलेले मी तिसऱ्यांदा पाहिले.

फेरविचाराच्या निवेदनावर पाच महिन्यांनी निर्णय आला. मृत्यूपासून मोजले तर एकूण वीस महिने झाले होते. तीस हजार बाईंच्या खात्यात आले आणि सत्तर हजारांची ठेव झाली. पत्र पूर्वीसारखेच अर्ध्या पानाचे होते: समितीने फेरविचाराअंती प्रकरण ‘पात्र’ ठरविले आहे, हे आपल्या माहितीस्तव. आधीचा निर्णय कशामुळे चुकला, व्यसनाचा शेरा मागे घेतला की नाही, यावर एक अक्षर नव्हते. बाईंनी ते पत्र वाचून मला विचारले की गावात जे लोक म्हणतात त्यांना आता यातले काय दाखवायचे. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही इतिवृत्ताची प्रत आणि व्यसनाचा शेरा पुराव्याअभावी वगळल्याची नोंद मागणारा अर्ज केला आहे. तो अजून निकाली निघालेला नाही.

फेरफार मात्र प्रमाणित झाला. बाईंचे आणि मुलांचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकण्याचा प्रयत्न झाला होता, तो सुनावणीत थांबला आणि ती नावे भोगवटादार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात आली. मृगाच्या आधी नवा सातबारा घेऊन त्या पीक कर्जासाठी सोसायटीत गेल्या. सचिवांनी सातबारा पाहिला, खातेवही काढली आणि सासऱ्यांची थकबाकी व्याजासह किती झाली ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. आधी ती भरा, मग नवे कर्ज. ज्या थकबाकीच्या नोटिशीने त्या पात्र ठरल्या, तीच रक्कम आता त्यांच्या नावे उभी आहे. ही थकबाकी चारही वारसांत वाटून हप्ते पाडून मिळावेत, असा अर्ज आम्ही सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे दिला आहे. यंदाची पऱ्हाटी (कापूस) त्यांनी बचत गटाच्या कर्जावर लावली.